आठ फोटोंचा कागद

"फोटो किती दाखवले होते तुम्ही?" कोलोदीने फोनवर विचारलं, आणि अल्बीनाच्या हातातल्या कागदी पेल्यातली कॉफी हिंदकळून तिच्या अंगठ्यावर सांडली. भाजलं नाही. टपरीवाली बाई वीज वाचवायला हल्ली पाणी धड उकळतच नाही. शाळकरी मुलं मेट्रोच्या पायऱ्या उतरून खाली, बॉम्बहल्ल्यांमुळे जमिनीखाली नेलेल्या वर्गांकडे चालली होती. अल्बीना त्यांच्या वाटेतून बाजूला झाली आणि म्हणाली, "कुठले फोटो?" कुठले ते तिला पक्कं ठाऊक होतं. वेळ काढायचा असला की माणूस असा उलटा प्रश्न विचारतो, हे तिने साक्षीदारांच्या बाबतीत शेकडो वेळा पाहिलं होतं आणि साक्षी नोंदवणाऱ्या तिच्या संस्थेत येणाऱ्या नवख्यांना शिकवलंही होतं.

कोलोदी म्हणजे युद्धगुन्ह्यांच्या कचेरीतला तपास अधिकारी. तिशीचा, सभ्य, प्रत्येक वाक्याआधी माफी मागणारा मुलगा. "माफ करा हं, अल्बीना पेत्रिव्ना, अगदी किरकोळ आहे. देमिद ओस्तापोविचना उचलून नेल्याच्या प्रकरणात. तुमच्या टिपणात आहे, साक्षीदाराने कॅप्टन लुबेन्त्सोवला फोटोवरून ओळखलं. पण फोटोंचा कागद सोबत लागलेला नाही. आरोपीच्या वकिलाने विचारलंय." आरोपीला वकील कुठून आला, असं अल्बीनाने विचारलं. "सरकारने दिलेला. आरोपी तिकडे सीमेपलीकडे आरामात बसलाय, पण गैरहजेरीत खटला चालवायचा तर वकील द्यावाच लागतो. आमचं नशीब असं की हा नेमका कामसू निघाला. सगळं वाचतो मेला." मग त्याने आवाज जरा खाली आणला. "आठच दाखवले असणार ना? तुम्ही तर देमिद ओस्तापोविचच्या तालमीतल्या. कागद दुसऱ्या कुठल्या फाइलला लागला असेल, होतं असं. तेवढा चारपर्यंत पाठवा. सोबत दोन ओळी लिहा. नाही तर हे ओळखणं बाद होईल, आणि ते बाद झालं तर लुबेन्त्सोववर आपल्याकडे दुसरं काही नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको."

बघते, म्हणून तिने फोन ठेवला. कॉफी संपवली, गार असूनही. पेला चुरगळून डब्यात टाकला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून मान हलवतोय, बारीक, नाही नाही अशी, कोणी न विचारता. एक. एकच फोटो दाखवला होता. ही गोष्ट तिला अडीच वर्षं ठाऊक होती, पण घरातला एखादा मोडका दरवाजा जसा रोज वापरात असतो आणि म्हणून दिसत नाही, तशी ती तिच्या मनात कुठे तरी कोपऱ्यात उभी होती. आज कोणी तरी येऊन त्याला हात लावला होता. समोरच्या इमारतीच्या सातव्या मजल्यापर्यंतच्या सगळ्या खिडक्यांना काचांऐवजी प्लायवूड होतं, आणि त्यातल्या एकावर कोणी तरी पडदा आणि कुंडी रंगवली होती. ती कुंडी बघत अल्बीना बराच वेळ उभी राहिली. तिला ऑफिसला जायचं होतं. पाय बसस्टँडकडे वळले.

आठांचा नियम देमिदचा होता. म्हणजे जगात सगळीकडे असेल, पण त्यांच्या संस्थेत तो देमिदने आणला, दोन हजार चौदामध्ये, पहिल्या लढाईच्या वर्षी. तो जिल्ह्याच्या गावी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा, आणि शनिवार-रविवारी खार्किवला येऊन या हौशी मंडळींना साक्ष कशी घ्यायची ते शिकवायचा. अल्बीना तेव्हा जमिनीच्या नोंदणी कचेरीतली कारकून होती, नुकती घटस्फोटित, आणि तिला वाटायचं की लोकांचं ऐकून घेणं म्हणजे त्यांच्याबरोबर रडणं. पहिल्याच दिवशी देमिदने टेबलावर आठ टकल्या माणसांच्या फोटोंचा एक कागद ठेवला आणि विचारलं, "माझा थर्मास यांच्यापैकी कोणी चोरला?" सगळे हसले. मग त्याने अर्ध्या वर्गाला बाहेर काढून फक्त एक फोटो दाखवला, म्हणाला, "हा दारात घुटमळत होता, तुम्ही पाहिलंत ना?" तासाभराने त्या अर्ध्या वर्गातल्या नऊ जणांना तो माणूस दारात घुटमळताना आठवत होता. एकीला त्याच्या बुटांचा रंगही आठवला. तो टकला देमिदचा मेहुणा होता आणि त्या दिवशी पोल्तावाला लग्नाला गेला होता. "एक फोटो दाखवणं म्हणजे विचारणं नव्हे," देमिद म्हणाला, "सांगणं. आणि दुःखी माणसाला काहीही सांगा, तो विश्वास ठेवतो बिचारा. तुमच्यावर मेहेरबानी म्हणून ठेवतो." अल्बीनाने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. पुढे दहा वर्षं तिने ते इतरांना ऐकवलं, त्याच्याच सुरात, थर्मासच्या विनोदासकट.

मिनीबस दहाला सुटली. ओसोकिवकाला पोचायला दोन तास, तपासणीचे नाके धरून अडीच. फेब्रुवारी संपत आला होता, बर्फ विरघळून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळा चिखल झाला होता आणि शेतांच्या कडेला सुरुंगांच्या पाट्या वाऱ्याने वाकल्या होत्या. तिच्या मांडीवर बॅग होती, बॅगेत निळं फोल्डर, फोल्डरमध्ये तो कागद. हीच तर गंमत. कागद हरवला नव्हताच. आठ फोटो, चार वर चार खाली, सगळे एकाच मापाचे, सगळे तिशी-पस्तिशीचे, सगळे लष्करी टोपीतले, लुबेन्त्सोव सहाव्या नंबरवर, कारण देमिद म्हणायचा, खरा माणूस कधी पहिला ठेवू नये आणि शेवटचाही. खाली रिकामी ओळ, साक्षीदाराच्या सहीसाठी. कागद नियमाप्रमाणे तयार केला होता, बरोबर नेला होता, बॅगेतून बाहेरही काढला होता. फक्त वापरला नव्हता. आता सही हवी होती, एका म्हाताऱ्या बाईची, जी मागितली की देणार होती. आपण सही घ्यायला चाललोय की विचारायला, हे अल्बीनाने स्वतःला विचारलं नाही. खिडकीची काच गार होती, तिने त्यावर कपाळ टेकवलं, आणि इंजिनाची थरथर तिच्या दातांत उतरली.

दोन हजार बावीसच्या त्या वसंतात देमिदला बाहेर काढायची जबाबदारी तिची होती, हे कोणीच तिला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून ते जास्त लागायचं. ओसोकिवका मार्चमध्ये शत्रूच्या हाती गेलं. देमिद रोज सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या कमांडंटच्या कचेरीत जायचा आणि उचलून नेलेल्या माणसांची नावं एकेक करून विचारायचा. अमका कुठे आहे? तमका कुठे आहे? ते हाकलून द्यायचे. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा हजर. शाळेच्या चौकटीच्या वहीत नावं लिहायचा, आणि टेकडीवर जिथे फोनला थोडी रेंज यायची तिथून अल्बीनाला वाचून दाखवायचा. एप्रिलअखेर त्रेचाळीस झाली होती. अशा माणसांना मदत करणाऱ्या परदेशातल्या एका संस्थेने त्याच्यासाठी पैसे मंजूर केले, गाडी ठरली, ड्रायव्हर ठरला. त्यांनी एक फॉर्मही पाठवला होता: आपल्याला धोका आहे असं वाटतं का, असल्यास एक ते पाचपैकी किती, आणि आपण आपला पासवर्ड शेवटचा कधी बदललात. देमिदला तो तिने फोनवर वाचून दाखवला तेव्हा तो इतका हसला की टेकडीवरच्या शेळ्या पळाल्या म्हणे. "साडेचार लिही," म्हणाला. "गाडी पुढच्या आठवड्यात पाठव गं. तिघांच्या बायका रोज संध्याकाळी येतात, काही कळलं का विचारायला. मी गेलो तर त्यांनी कोणाला विचारायचं?" तिने एकदा आग्रह केला, दोनदा केला. तिसऱ्यांदा केला नाही, कारण आतून तिलाही ती नावं हवी होती, हे तिला नंतर कळलं. अकरा मेला त्याला नेलं.

गाव सप्टेंबरात सुटलं. ऑक्टोबरात अल्बीना तिथे गेली तेव्हा तिच्या फोनमध्ये लुबेन्त्सोव होता. तो तिने स्वतः शोधला होता, चार दिवस सैनिकांची इंटरनेटवरची पानं उलटीसुलटी करून. ओसोकिवकाच्या धान्याच्या कोठारासमोर मांजर कुशीत घेऊन उभा, हसरा, डावी भुवई मधोमध तुटलेली. खाली त्याने लिहिलं होतं, "स्थानिक लोकसंख्येशी उत्तम संबंध." त्या चार दिवसांत तिने पावाव्यतिरिक्त काही खाल्लं नव्हतं, आणि तो सापडला तेव्हा तिला जे वाटलं त्याला आनंद म्हणायची तिला अजून लाज वाटते. होर्पिनाआजी देमिदच्या समोरच राहायची, त्या दिवशी अंगणात बटाटे लावत होती, आणि नेताना पाहणारी ती एकटीच. अल्बीनाने कागद तिच्यासमोर ठेवला. होर्पिनाआजीने तो नाकाला लावला, लांब धरला, उजेडाकडे वळवला. "पोरी, मला यात फक्त टोप्या दिसतात गं." चष्मा नव्हता. चष्मा त्याच दिवशी अंगणात पडला आणि त्या मुडद्याने त्यावर बूट ठेवला, असं तिने सांगितलं. गावात आठ महिने वीज नव्हती, आत चुलीचा तांबूस उजेड तेवढा. फोटो काडेपेटीएवढे. आणि अल्बीनाने, आठ वर्षं थर्मासची गोष्ट सांगणाऱ्या अल्बीनाने, फोन काढला, फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, चेहरा पडदाभर झाला, आणि तो म्हातारीच्या डोळ्यांसमोर धरला. होर्पिनाआजीने श्वास आत ओढला. मग रडायला लागली. "हाच," म्हणाली. "हाच तो." अल्बीनाही तिला धरून रडली. काय समाधान होतं त्या रडण्यात.

त्या दिवशीची वही तिने मिनीबसमध्ये पुन्हा काढून पाहिली नाही, कारण काय लिहिलंय ते तिला पाठ होतं. "अधिकारी, उंच, डावी भुवई मधोमध तुटलेली." पण हे म्हातारीने केव्हा सांगितलं? फोटो बघायच्या आधी की नंतर? तिने ते वहीत गावातून परतताना लिहिलं होतं, याच रस्त्यावर, अशाच गाडीत, गचके खात. आधी सांगितलं असेल तर सगळं ठीक. अल्बीनाने डोळे मिटून ती चूल आठवली, स्टुलावरचा पाण्याचा हंडा आठवला, म्हातारीचे हात, नखांत माती. तोंड हलताना दिसायचं, शब्द ऐकू यायचे नाहीत. मग ऐकूही यायला लागले: "भुवई अशी मधोमध तुटलेली होती बघ," असं आजी म्हणतेय आणि फोन अजून बॅगेतच आहे. किती स्पष्ट! तिच्या अंगावर काटा आला. कारण अशी स्पष्ट आठवण तिने त्या वर्गात पाहिली होती, बुटांच्या रंगासकट. आपल्या डोक्यातलं हे खरं घडलेलं आहे की आत्ता, नाक्यावर गाडी थांबलेली असताना, आपल्या गरजेने बनवलेलं आहे, हे तिला सांगता येईना, आणि दुसरं कोणीही सांगू शकणार नव्हतं. आणि त्याच्याही पलीकडे एक विचार होता, ज्याच्याकडे ती अडीच वर्षं गेली नव्हती. समजा तो लुबेन्त्सोव नव्हताच. मांजर घेऊन फोटो काढणारा कोणी एक हरामखोर, पण हा हरामखोर नव्हे.

पण नेणाऱ्याचं नाव हवं होतं. नाव नसेल तर सीमेपलीकडचे लोक एकच उत्तर देतात: या नावाची व्यक्ती आमच्या ताब्यात नाही. तेरा पत्रांना हेच उत्तर आलं होतं, तारीख तेवढी बदलून. कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून आलेल्या एका सैनिकाने सांगितलं होतं की त्याच्या कोठडीशेजारी एक माणूस होता, चेहरा कधी दिसला नाही, पण नवा कोणी आत टाकला की तो भिंतीतून त्याचं नाव विचारायचा आणि दोनदा म्हणून घ्यायचा. तो देमिद नाही तर कोण? ते गेल्या उन्हाळ्यात. अधिकाऱ्यावर आरोप ठरला की जिनिव्हातले, बेपत्तांचा शोध घेणारे लोक पुढचं पत्र वेगळं लिहिणार होते: तुमच्या अमक्या कॅप्टनने, अमक्या तुकडीच्या, अमक्या दिवशी याला नेलं, आता सांगा. तेवढ्याने तो सुटला असता असं कोणी म्हणत नव्हतं. पण कदाचित कोणी तरी वैतागून एखादा कागद हलवला असता, आणि तो माणूस कागदावर तरी जिवंत झाला असता. आरोप नसेल तर तो हजारो बेपत्तांमधला एक आकडा. देमिदची सगळी आशा आता त्या सहाव्या नंबरच्या चौकोनात होती, आणि खाली सहीची एक रिकामी ओळ होती.

"चहा घेणार की आधी खोटं बोलणार?" होर्पिनाआजीने दारातच विचारलं. एक्क्याऐंशीची बाई, मेंढीच्या कातड्याची बंडी, नाकावर मदतकेंद्रातून मिळालेला जाड भिंगांचा चष्मा, ज्यातून तिचे डोळे घुबडासारखे दिसत. "फोन आलेला मला त्या पोराचा. कोलोदी का कोण. माफ करा आजी, माफ करा आजी, अरे बाबा, आधी गुन्हा तरी कर! विचारत होता, अल्बीनाबाईंनी फोटो किती दाखवले. मी म्हटलं, मला आठवत नाही, मी म्हातारी आहे. आपल्याला असं ऐनवेळी म्हातारं होता येतं, हा एक फायदा आहे बघ." अल्बीनाला रडू आणि हसू एकदम आलं. आजीने बोर्श्त, म्हणजे बीटाचं गरम सार वाढलं, वरून सायीचा गोळा, पाव, लसूण, डुकराची चरबी मिठात मुरवलेली. खाल्ल्याशिवाय बोलायचं नाही असा तिचा दंडक. खिडकीतून समोरचं घर दिसत होतं, देमिदचं, छपराला ताडपत्री, फाटकाला आजीनेच बांधलेली तार.

"दे इकडे," ताटल्या उचलून आजी म्हणाली. "सही कुठे करू?"

"आजी, तुम्हाला ठाऊक आहे ना, त्या दिवशी मी एकच फोटो दाखवला. फोनवर."

"माझ्या नाकावर आणून धरलेलास. ठाऊक नसायला काय झालं?"

"मग?"

"मग काय? तुमच्या साहेबांना आठ हवेत, तर आठ. ऐंशी म्हणाले तर ऐंशी. देवापुढे मी सांगेन त्याला, तो काय फोटो मोजत बसलाय?"

अल्बीनाने कागद टेबलावर ठेवला. पेन बाजूला ठेवलं. आणि मग, कागद आजीकडे सरकवता सरकवता, तिच्या तोंडून निघून गेलं, "आता चष्मा आहे. एकदा बघा तरी." का म्हणाली, हे तिला पुढे स्वतःला कितीदा तरी विचारावं लागणार होतं. बहुधा तिला वाटलं, आजी सहाव्यावर बोट ठेवील आणि सगळं निस्तरेल. कायद्याच्या दृष्टीने नाही, पण तिच्यापुरतं. होर्पिनाआजीने चष्मा सारखा केला. वरच्या चारांवरून नजर फिरवली, खालच्या चारांवरून फिरवली. चुलीवर पाणी खदखदत होतं. अल्बीना स्वतःचा चेहरा कोरा ठेवायला बघत होती, जसं शिकवतात तसं. डोळे पाचव्या-सहाव्याकडे जाऊ नयेत म्हणून तिने ते खिडकीवर रोखले. "हा," आजी म्हणाली. बोट दुसऱ्या नंबरवर होतं. दुसरा नंबर म्हणजे त्यांच्याच संस्थेतल्या हिशेबनिसाचा चुलतभाऊ, आयुष्यात कधी बंदूक न धरलेला, टोपी भाड्याने आणून काढलेला फोटो. आजीने अल्बीनाकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, आणि बोट लगेच उचललं. "नाही, हा नाही. थांब. हा." चौथा. पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "सगळे मेले एकसारखे दिसतात गं टोपीत. तू सांग ना पोरी, कुठला तो. मी ठेवते बोट."

बाहेर कोणाची तरी कोंबडी ओरडत होती. म्हातारी अल्बीनाकडे बघत होती, मदत करायला उत्सुक, परीक्षेत शेजारच्या बाकावरच्या मुलीने बघावं तशी. तेव्हाही असंच होतं का? चुलीच्या उजेडात, फोन डोळ्यांशी, तिने आधी फोटो पाहिला की अल्बीनाचा चेहरा पाहिला? चार दिवस उपाशी बाई दारात येऊन उभी राहते, डोळे लकाकताहेत; तिला नाही कसं म्हणायचं? मेहेरबानी म्हणून विश्वास ठेवतात, देमिद म्हणाला होता. सही अजूनही करता आली असती. सहाव्यावर बोट ठेवायला सांगायचं, खाली नाव लिहून घ्यायचं, फोटो काढून कोलोदीला पाठवायचा, आणि तो मुलगा माफी मागून आभार मानील. कोणाला कळणार होतं? लुबेन्त्सोवला तुरुंग तर होणार नव्हताच. तो सीमेपलीकडे मांजरं कुरवाळत बसला असता. नुकसान कोणाचं? आणि देमिद तिकडे भिंतीला तोंड लावून कोणाचं तरी नाव दोनदा म्हणून घेत असेल, आत्ता, या मिनिटाला. त्याला विचारता आलं असतं तर तो काय म्हणाला असता? ती मन घट्ट करून त्याचा आवाज ऐकायला बघत होती, आणि तिला दोन्ही ऐकू येत होतं: सही घे गं बाई, मला इथून काढ. आणि: एक. एक लिही. दोन्ही आवाज त्याचेच होते. कुठला तिने बनवलेला, हे तिला ठरवता येईना.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने कागदाची घडी केली, फोल्डरमध्ये ठेवला, आणि फोनवर दोन ओळी लिहिल्या. साक्षीदाराला एकच फोटो दाखवण्यात आला. दाखवणारी मी. आणखी एक ओळ लिहायला हवी होती, आज काय झालं त्याची. तीही लिहिली, कारण आता अर्धं लिहून काय मिळणार होतं. आज पुन्हा विचारलं असता साक्षीदाराला ओळखता आलं नाही. पाठवलं. कोलोदीचा फोन लगेच आला. पहिल्यांदाच त्याने माफी मागितली नाही. "अल्बीना पेत्रिव्ना, मी अजून उघडलं नाही असं समजू. चारपर्यंत वेळ आहे. तुम्ही ते परत घ्या, माझं ऐका." "उघड बाळा," ती म्हणाली. तो आता भराभर बोलू लागला. "मग मला प्रकरण बंद करावं लागेल. तुम्हाला कळतंय ना, बंद म्हणजे?" तिने हो म्हटलं. "देमिद ओस्तापोविचनी तुम्हाला हेच शिकवलं असेल," तो म्हणाला, आणि त्यात कौतुक होतं की राग, हे तिला कळलं नाही.

होर्पिनाआजीने सगळं ऐकलं होतं. ती टेबलाशी बसून पावाचे कण एका बोटाने गोळा करत होती, एक छोटा ढीग झाला तरी करत होती. आपण पाप टाळलं, खरं तेच केलं, असं काही तरी अल्बीनाला वाटायला हवं होतं. तिला फक्त दमल्यासारखं वाटत होतं, आणि बस चारला होती.

"म्हणजे तो भुवईवाला नव्हता?" आजीने विचारलं.

"असेलही. आता सांगता येणार नाही, आजी."

"मग नेलं कोणी त्याला?"

"माहीत नाही."

म्हातारीने चष्मा काढला. त्याच्याशिवाय तिचे डोळे फार लहान होते, आणि ते अल्बीनाच्या थोडं बाजूला बघत होते. "मला आजवर माहीत होतं," ती म्हणाली. "अडीच वर्षं मी रोज सकाळी उठून त्या तोंडाला शिव्या घालते. त्याच्या आईबापासकट. मगच चूल पेटवते. आता मी कोणाला शिव्या घालू? सांग ना. तू शिकलेली आहेस."

अल्बीनाजवळ नाव नव्हतं.